कापूरहोळचा ‘ळ’

दिवाळी अंक घरात आला की प्रत्येक जण तो आपापल्या परीने उघडतो. आजोबा वार्षिक भविष्याचे पान गाठतात, मुले व्यंगचित्रे हुडकतात, आई कथा कोणाकोणाच्या आहेत ते पाहते, आणि आमच्यासारखे समीक्षक म्हणवून घेणारे लोक अनुक्रमणिकेत आधी स्वतःचे नाव शोधतात! मुखपृष्ठ मात्र सगळेच पाहतात आणि त्याच्याविषयी सहसा कोणीच बोलत नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे ही वार्षिक मेजवानी सुरू झाली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांसाठी अंक विकत घेणारी आणि ती चित्रे कापून भिंतीवर लावणारी घरे महाराष्ट्रात गावोगाव होती. कथांवर लेख झाले, कवितांवर वाद झाले; पण अंकाच्या नावाचे अक्षर कोणी घडवले आणि ते तसेच का घडवले, याची चौकशी करायला आम्हा समीक्षकांना फारशी फुरसत झाली नाही.

त्या उपेक्षेचे थोडेसे प्रायश्चित्त म्हणून मी यंदा पुस्तकाऐवजी एका वहीची समीक्षा करणार आहे. वही माझ्या भाचीची. ती पुण्यातल्या एका महाविद्यालयात डिझाइन शिकते. तिच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सहा आठवडे एखाद्या स्टुडिओत उमेदवारी करावी लागते आणि तिथे केलेल्या कामाची वही सादर करावी लागते. वर्गातल्या बहुतेक मुली पुण्या-मुंबईच्या मोठ्या जाहिरातसंस्थांत गेल्या. आमची भाची गेली कापूरहोळच्या फाट्यावरच्या एका दुकानात. परीक्षकांनी तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने शेरा मारला : ‘हे फ्लेक्सचे दुकान आहे. यात डिझाइन कुठे आहे?’ आणि उमेदवारी पुन्हा करावी, अशी सूचना केली.

ती वही घेऊन माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते, पण आवाज जड होता. म्हणाली, “मामा, तुम्ही लोकांच्या पुस्तकांवर लिहिता ना? मग हे वाचा आणि खरं काय ते सांगा. सहा आठवडे मी नुसता वेळ घालवला का?”

खरे सांगायचे तर तिने दुकानाचे नाव सांगितले तेव्हा सुट्टीच्या सुरुवातीलाच मीही मनात हसलो होतो. तेव्हा परीक्षकांचा शेरा हा थोडासा माझाही शेरा होता. म्हणून वही वाचण्यापूर्वी मी कापूरहोळला गेलो.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले की खेड-शिवापूर मागे पडते, नसरापूरचा फाटा जातो आणि मग कापूरहोळ येते. इथून एक वाट भोरला जाते, पंतसचिवांच्या जुन्या संस्थानी गावाला. दुसरी नारायणपूरवरून सासवडला. बालाजीच्या आणि दत्ताच्या दर्शनाला जाणारे, भोरच्या घाटात पाऊस पाहायला जाणारे, गड चढायला निघालेले, असे सगळे लोक इथे वळतात. माझी धाकटी बहीण याच भागात दिली आहे, त्यामुळे मी या फाट्यावर वर्षातून चार वेळा तरी उतरतो. पण उतरणारा माणूस पाट्या वाचतो त्या फक्त वाट शोधण्यापुरत्या. या खेपेला मी त्या पाट्याच पाहायला गेलो होतो. पाहतो तो काय, गावाच्या नावाचीच दोन-तीन रूपे! एका पाटीवर ‘कापूरहोळ’, दुसरीवर ‘कापुरहोळ’, आणि एका ठिकाणी तर ‘ळ’चे पोट इतके चेपलेले की गावाचे नाव अर्ध्यात तोडल्यासारखे वाटावे.

भाचीचे दुकान रस्त्यापासून थोडे आत आहे. दहा बाय बाराची खोली, दोन संगणक, एक लाकडी बाक, आणि भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. फ्लेक्स छापण्याचे मोठे यंत्र तिथे नाही. इथे फलक फक्त रचला जातो. फाइल पुण्याला जाते आणि संध्याकाळी छापलेल्या फ्लेक्सची गुंडाळी परत येते. मग कडेला आयलेट मारायचे, लाकडी चौकटीवर ताणायचे आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे. मालकांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “ताई हुशार हाये. पन पयल्या आठवड्यात लई मोकळी जागा सोडायची. गिऱ्हाईक म्हनायचं, हितं जागा उरलीया, हितं माजा फोटू बसंल!”

मी हसलो, पण त्या वाक्यात या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आहे. फाट्यावर अक्षर चौरस फुटाने विकले जाते. रचनेचे वेगळे पैसे कोणी देत नाही. ती छपाईच्या दरातच धरलेली असते. ज्या कलेला स्वतःची किंमतच नाही, ती करणारा माणूस एका फलकावर किती वेळ घालवणार? परीक्षकांना तिथे डिझाइन दिसले नाही, याचे एक कारण हे की तिथे ते कोणी मोजतच नाही.

आता वहीकडे वळू. तिच्यात एकवीस कामे आहेत. त्यांपैकी तिनांविषयी मी सविस्तर लिहितो, कारण उरलेल्या अठरांचे गुणदोष या तिनांत येऊन जातात.

पहिले काम एका खते-बियाण्यांच्या दुकानाची पाटी. मजकूर एवढाच की, शेतकऱ्यांचे हक्काचे ठिकाण. गिऱ्हाइकाने तो मोबाइलवरून पाठवला. दुकानातल्या अक्षरसंचात तो उतरवल्यावर ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द ‘शेतकर्यांचे’ असा उमटला. मराठीत ‘सूर्या’तला रफार वेगळा आणि ‘शेतकऱ्या’तला आडवा, पापणीसारखा ‘र’ वेगळा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवायचे नसेल, तर हा भेद पाळावा लागतो. भाचीने तो गेलेला ‘र’ संगणकावर हाताने रेखून शब्दात बसवला. भाऊ म्हणाले, “इतकी वर्सं असंच जातंय, कुनी बोललं न्हाई.” ती म्हणाली, “कोणी बोललं नाही, पण वाचताना प्रत्येक जण तिथे अडखळला असेल.” वहीत तिने दोन्ही पाट्या शेजारी शेजारी चिकटवल्या आहेत, आणि खाली टिप्पणी नाही. मला ती टिप्पणीची अनुपस्थिती आवडली. दोष दाखवून टाळ्या घेण्याचा मोह तिने आवरला आहे.

दुसरे काम पाहून मी वही मिटली आणि थोडा वेळ तसाच बसलो. तो भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक आहे. या भागात माणूस गेले की दशक्रियेच्या आधी चौकात त्याचा फलक लागतो. रात्री नऊच्या सुमाराला दोन मुलगे आणि एक सून दुकानात आली. म्हातारी आई गेली होती. तिचा एकटीचा फोटोच नव्हता. नातीच्या लग्नातल्या समूहचित्रातून चेहरा वेगळा काढायचा होता. भाचीने तो मन लावून काढला. करडी पार्श्वभूमी घेतली, मधे चेहरा, खाली आधार कार्डावरचे पूर्ण नाव बारीक, नाजूक अक्षरात. महाविद्यालयात शिकवतात तसे सारे : संयम, मोकळी जागा, एकच रंग. खरोखर सुंदर रचना होती. (ती पहिली आवृत्तीही वहीत आहे.)

भाऊंनी पडद्याकडे पाहिले आणि मुलांना विचारले, “म्हातारीला गावात काय म्हनायचे?”

सून म्हणाली, “आवं, समदं गाव जिजीच म्हनायचं. त्यांचं खरं नाव मलाच लगीन झाल्यावर दोन वर्सांनी कळलं.”

फलकावर ‘जिजी’ आले. मोठे आले, चेहऱ्याच्या लगेच खाली, आणि पूर्ण नाव त्याच्याखाली गेले. घाटाचे नाव आणि वेळ, जी भाचीने तळाशी कोपऱ्यात ठेवली होती, ती दुचाकीवरून जाणाऱ्याला वाचता येईल अशा आकारात आली. मोकळी जागा बरीच गेली. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.तून उतरलेली एक म्हातारी बाई त्या फलकासमोर थांबली, तिने तोंडावर पदर घेतला आणि ती तिथेच बसली. तिला वाचता येत नसावे. पण चेहरा तिला ओळखू आला होता, आणि शेजारच्या शाळकरी पोराने मोठ्याने वाचलेले ‘जिजी’ तिला ऐकू आले होते. करड्या पार्श्वभूमीवरचे बारीक पूर्ण नाव त्या पोराने वाचले असते, तर ती बाई कदाचित पुढे निघून गेली असती.

वाचकहो, ‘यात डिझाइन कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मला या पानावर मिळाले. ते भाऊंच्या एका प्रश्नात आहे. फलक कोण वाचणार, तो किती वेगाने जात असणार, आणि गेलेल्या माणसाला तो कोणत्या नावाने ओळखत होता, हे ठरल्यावर मग रंग आणि मोकळी जागा यांची पाळी येते. महाविद्यालयात हेच तत्त्व ‘वापरणाऱ्याचा अभ्यास’ म्हणून शिकवतात, त्याच्यावर तक्ते काढून घेतात. फाट्यावर तो वापरणारा समोरच्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याची आई परवाच गेलेली असते.

तिसरे काम एका मिसळीच्या दुकानाची पाटी. ‘मिसळ’ आणि ‘कापूरहोळ’, एका पाटीत दोन ‘ळ’! ‘ळ’ हे अक्षर आपल्या मराठीचे लाडके. गूळ, नारळ, केळी, फराळ, जिव्हाळा, सगळीकडे ते येते. प्रमाण हिंदीच्या नित्याच्या लेखनात त्याला जागा नाही. त्यामुळे हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या कित्येक अक्षरसंचांत ‘ळ’ हा पाहुण्यासारखा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो, दोन शून्ये दोऱ्याने बांधल्यासारखा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे ठरवून दिली. पण निर्णय कागदावर आणि अक्षरसंच संगणकात, अशी त्यांची अनेक ठिकाणी फारकत झालेली आपण पाहतो.

भाचीला तो ‘ळ’ पटेना. ती संगणकावर तासभर झगडली. शेवटी भाऊ उठले, त्यांनी जुन्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजू जमिनीवर पसरली, खडू घेतला आणि हात न उचलता एका दमात ‘ळ’ काढला. डावे पोट थोडे मोठे, उजवे किंचित लहान, आणि मधली गाठ हलकी. वेलीच्या तणाव्याने वळावे तसा! भाची पाहतच राहिली. मग कळले की, फ्लेक्स येण्यापूर्वी भाऊ ब्रशने पाट्या रंगवीत. सुतळी खडूच्या भुकटीत बुडवून रेघा मारायच्या, डावा हात काठीवर टेकवायचा आणि उजव्या हाताने अक्षर भरायचे. पाटीच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत आपले नाव, आधी ‘पेंटर’ हा शब्द लावून. या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स गावोगाव पोहोचला तेव्हा त्यांनी ब्रश एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि संगणक घेतला. डबा अजून दुकानात आहे. ब्रशांचे केस वाळून कडक झाले आहेत.

“मग इतकी वर्षं हा ‘ळ’ पाट्यांवर का नाही आला?” तिने विचारले.

“कुनी मागितला न्हाई,” भाऊ म्हणाले.

भाचीने त्या खडूच्या ‘ळ’चे छायाचित्र घेतले, त्यावरून संगणकात आकार रेखला आणि तो पाटीवर बसवला. आता तो आकार दुकानाच्या संगणकात ठेवलेला आहे. लागेल तेव्हा भाऊ तो उचलून बसवतात. मिसळीच्या दुकानाची ती पाटी मी रस्त्याच्या पलीकडून पाहिली. पाटी एकंदरीत भडक आहे, लाल-पिवळ्याचा मारा आहे, तर्रीचा फोटो नको तेवढा मोठा आहे. पण ते दोन ‘ळ’ मात्र दोन सुखवस्तू माणसांसारखे ऐसपैस बसलेले आहेत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मामा भाचीचे कौतुक करीत सुटले आहेत. तेव्हा आता उणे बाजू मांडतो. वहीत वाढदिवसाचे पाच फलक आहेत आणि ते पाचही वाईट आहेत. एकेका फलकावर वीस-वीस चेहरे, प्रत्येक अक्षराला सोनेरी कड, त्या कडेला सावली, त्या सावलीला पुन्हा चमक! दिवाळीचे शुभेच्छाफलक तर विचारूच नयेत. शुभेच्छा देणाराचा चेहरा हातभर आणि शुभेच्छा बोटभर. त्या कोणाला आहेत, याचा पत्ता फलकावर शोधून सापडत नाही. “गिऱ्हाइकाला हेच हवे असते,” असे भाची लिहिते. हे उत्तर जिजीच्या फलकाशी विसंगत आहे. तिथे भाऊंनी गिऱ्हाइकाला ‘काय हवे’ असे विचारलेच नव्हते; गिऱ्हाइकाला स्वतःला न सुचलेली गोष्ट त्यांनी विचारून बाहेर काढली होती. वाढदिवसाच्या फलकावर तेवढे कष्ट कोणी घेतले नाहीत, ना भाऊंनी, ना तिने. शिवाय एका लग्नफलकावरचा गणपती कोणा अज्ञात चित्रकाराचा आहे. तो सरळ इंटरनेटवरून उचललेला आहे. पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव घालणाऱ्या माणसाच्या दुकानात दुसऱ्याच्या चित्राचे नाव पुसले जावे, हे मला खटकले, आणि त्याहून अधिक हे खटकले की भाचीला ते खटकले नाही.

लहान दुकानात उमेदवार जे शिकतो त्यात दुकानाचे दोषही येतात. हे नाकारून जो फाट्यावरच्या कलेचे गोडवे गातो, तो तिचा मित्र नव्हे. पण म्हणून ती उमेदवारीच फुकट गेली असे म्हणणे, हे आपल्या स्वतःच्या इतिहासाचे विस्मरण होय.

जरा मागे वळून पाहा. जावजी दादाजी हा गरीब घरचा मुलगा लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अत्यल्प पगारावर कामाला लागला. खिळे हाताळता हाताळता त्याला अक्षराची नजर आली, आणि १८६९ मध्ये त्याने ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. त्या छापखान्यातल्या वळणदार देवनागरी खिळ्यांनी पुढे संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या किती पिढ्या नटल्या, हे जुन्या पुस्तकांची कपाटे असलेल्या घरांना सांगायला नको. कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री आणि आनंदराव मेस्त्री हे चुलत भाऊ नाटकांचे पडदे रंगवीत. लोक त्यांना पेंटर म्हणत, आणि तेच त्यांचे आडनाव झाले. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तिथेच पडेल ते काम करून शिकली, आणि १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ काढली. तुतारी फुंकणारी ती ‘प्रभात’ची आकृती आजही वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहते.

आणि अगदी आपल्या आठवणीतले उदाहरण हवे असेल तर कमल शेडगे यांचे घ्या. २०२० मध्ये ते गेले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात ते तरुणपणी लागले आणि काम करणाऱ्यांचे हात पाहत शिकले. ते दुकान लहान नव्हते खरे, पण शिकण्याची रीत तीच होती. पुढे मराठी नाटकांची शेकडो शीर्षके त्यांनी घडवली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या गर्दीत नाटकाचे नाव वाचण्यापूर्वीच त्याच्या अक्षरावरून ते ऐतिहासिक आहे की फार्स, हे प्रेक्षकाला कळे. ‘कमलाक्षरं’ हे त्यांचे पुस्तक ज्यांनी चाळले असेल त्यांना माझे म्हणणे पटेल.

या तिन्ही गोष्टींत एक समान सूत्र आहे. या सर्वांनी दुसऱ्याच्या दुकानात हात घडवला. पण ते त्या दुकानापाशी थांबले नाहीत. दुकानाला जे ठाऊक नव्हते ते त्यांनी त्यात घातले. नुसती उमेदवारी पुरती, तर आपल्याकडे गल्लोगल्ली जावजी दादाजी निघाले असते. आणि नुसती कलाशाळा पुरती, तर आपल्या रस्त्यांवरचे अक्षर आज इतके केविलवाणे दिसले नसते.

गंमत अशी की, ज्या शिक्षणाच्या नावाने फाट्यावरचे दुकान नापास केले गेले, त्याची आपल्या देशातली पायाभरणी एका अगदी साध्या वस्तूपासून झाली आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले, देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. त्या अहवालात त्यांनी सर्वांत अधिक वाखाणलेली वस्तू कोणती? तर आपला रोजचा लोटा! तो कोणी एकाने आखला नाही. अनेक पिढ्यांच्या हातांनी त्याचा आकार, वजन आणि तोल ठरवला, असे त्यांचे म्हणणे. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तेव्हा परीक्षकांना माझी नम्र विनंती आहे की, परदेशी पाहुण्यांना लोट्यात जे दिसले, ते आपल्याला भाऊंच्या ‘ळ’मध्ये दिसायला हरकत नसावी.

कापूरहोळ हे गाव इतिहासाला ठाऊक आहे ते एका बाईमुळे. १६५७ मध्ये पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती. तेव्हा बाळाला दूध पाजायला कापूरहोळच्या गाड्यांची धाराऊ गडावर गेली. दोन वर्षांनी सईबाई गेल्याच. राजपुत्राचे पुढचे शिक्षण वेगळे झाले; शास्त्री आले, शस्त्रे आली, संस्कृत आले. धाराऊने त्यांतले काही शिकवले नाही आणि ती शिकवू शकतही नव्हती. म्हणून कोणी तिचे दूध हिशेबातून वजा केले नाही. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले.

भाचीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर याच दाखल्याने दिले. सांगितले की, “सहा आठवडे तू दूधआईकडे होतीस. ते दूध खरे आहे. पण दुधावर जन्मभर राहता येत नाही, आणि दूधआईला विसरताही येत नाही. वाढदिवसाचे पाच फलक वहीतून काढू नकोस. ते का वाईट झाले ते त्यांच्याखाली लिही. गणपती कोणाचा आहे तो शोध. आणि जिजीच्या फलकाच्या दोन्ही आवृत्त्या पहिल्या पानावर आण, त्या शेऱ्याच्या समोर.”

तिने तसे केले. महाविद्यालयाने अजून निर्णय कळवलेला नाही, आणि उमेदवारी पुन्हा करावी लागली तर करीन, असे ती म्हणते. मात्र ती दर रविवारी एस.टी.ने कापूरहोळला जाते. मराठीचे उरलेले अवघड आकार, ‘ल’, ‘श’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, आणि तो पापणीचा ‘र’, एकेक करून ती भाऊंकडून खडूने काढून घेते आणि संगणकात उतरवते. भाऊंनी पत्र्याच्या डब्यातले दोन ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातले आहेत असे कळते. त्यांचे केस मऊ होतात की नाही, ते पाहायचे.

या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण सहकुटुंब साताऱ्याच्या रस्त्याने जातील. फाट्यावर चहाला थांबाल तेव्हा मुलांना सांगा की, या पाट्यांत चांगला ‘ळ’ शोधा. सापडला नाही तर हताश होऊ नका. हा अंक मिटून त्याचे मुखपृष्ठ पाहा. ‘दिवाळी’ या शब्दातही एक ‘ळ’ आहे. तो कोणाच्या हातचा आहे, ते आतल्या पानावर बारीक टाइपात शोधा, आणि नाव सापडले तर मुलांना ते मोठ्याने वाचायला लावा.